पुलावर उतरायला लावणारी गाडी नको : चढासाठी बॅटरीची गाडी घेताना काय बघायचं

भेस्तान (सुरत), प्रतिनिधी : सणासुदीचे दिवस जवळ आले की आमच्या सोसायटीत एक प्रश्न दर दोन-चार दिवसांनी कानावर येतो. विचारणारा बहुतेक खान्देशातला असतो. काम पांडेसरा नाहीतर सचिन जीआयडीसीत, गाव नवापूर, साक्री, शहादा किंवा डांगच्या बाजूला. प्रश्न एकच, "भाऊ, हाई बॅटरीनी गाडी घाट चढस का?"

आता भेस्तानमध्ये डोंगर औषधालाही नाही. सगळा मुलुख सपाट. पण सुरतेला पुलांचं शहर म्हणतात ते उगीच नाही. शंभरावर पूल आहेत, आणि कामावर जाताना रूळ किंवा खाडी ओलांडायची तर पूल चढा, नाहीतर गरनाळ्यात उतरून पुन्हा वर या. बारा तासांची पाळी करून परतणाऱ्या लूमच्या कारागिराला विचारा, त्या वेळी तो पूल सातपुड्यापेक्षा कमी वाटत नाही. शिवाय घेतलेली गाडी कधीतरी गावाकडे नेण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात असतोच. म्हणून हा प्रश्न रोजच्या पुलाचाही आहे आणि वर्षातून चार वेळा लागणाऱ्या घाटाचाही.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घरच्यांसाठी एक स्वस्त बॅटरी स्कूटर आणली. दुकानाचं नाव सांगत नाही, ते दुकान आता तिथे नाहीही. "लायसन नको, पासिंग नको, एका चार्जला साठ किलोमीटर" असं सांगितलं होतं. सोसायटीत चालवून बघितली, छान चालली. पहिल्याच रविवारी बायकोला मागे बसवून उधन्याकडे निघालो आणि पुलाच्या मध्यावर गाडीने मान टाकली. बंद पडली नाही, पण सायकलवाले पुढे निघून जायला लागले. शेवटी बायको खाली उतरली आणि पूल संपेपर्यंत चालत आली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. वर्ष-सव्वा वर्षात बॅटरी बसली. एकोणचाळीस हजार गेले ते गेले.

मी बी.कॉम. झालेला माणूस, मोटरचं मला काय कळणार? पण हिशेब मात्र कळतो, आणि चढाचा सगळा प्रश्न हिशेबाचाच आहे हे नंतर लक्षात आलं.

चढ म्हणजे वजन उचलणं

सपाट रस्त्यावर गाडीला फक्त टायरचं घर्षण आणि वारा यांच्याशी झगडावं लागतं. चढावर तीच गाडी स्वतःला, तुम्हाला, मागच्याला आणि पिशवीतल्या भाजीलासुद्धा वर उचलत असते. म्हणून चढावर वेगापेक्षा वजन महत्त्वाचं.

रस्त्याचा चढ टक्क्यांत मोजतात. १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर गेलात तर चढ ५ टक्के. मैदानी रस्त्यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांत नेहमीचा चढ साधारण ३० मीटरला १ मीटर, म्हणजे सव्वातीन टक्के धरला जातो. डोंगराळ भागात तो ५-६ टक्के आणि अगदीच नाइलाज असेल तिथे ७-८. जुन्या घाटवळणांवर, वळणाच्या आतल्या अंगाला, चढ याहून खडा असतो.

आता माझ्या त्या स्कूटरचा हिशेब मांडू. मोटर २५० वॉटची. गाडी बॅटरीसकट ८५ किलो आणि मी ७० किलो धरला तर सव्वातीन टक्क्यांच्या पुलावर तिचा वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास येतो. मागे ६५ किलोचं माणूस बसलं की ९. चढ ५ टक्क्यांचा असेल तर ६. आणि हीच जोडी ८ टक्क्यांच्या घाटात गेली तर वेग ताशी ४ किलोमीटर, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाएवढा. धाव घेऊन चढलं तर सुरुवातीला थोडं बरं वाटतं, पण लांब चढावर धावेचा जोर संपतो, मोटर तापते आणि कंट्रोलर करंट कापतो. म्हणजे माझ्या गाडीत बिघाड काहीच नव्हता. गाडीच तेवढी होती.

इथे कायद्याची गोष्ट समजून घ्या, कारण दुकानातली अर्धी फसवणूक इथूनच सुरू होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या गाडीच्या मोटरची अर्ध्या तासाची ताकद २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ती मोटार वाहन धरली जात नाही. तिला लायसन्स, नंबर प्लेट लागत नाही. तेव्हा दुकानदार एकाच दमात "लायसन नको" आणि "दोघांना घेऊन घाट आरामात चढते" असं म्हणाला, तर दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. एकतर ती चढणार नाही, नाहीतर आत मोठी मोटर बसवलेली आहे आणि मग ती बिनकागदाची गाडी बेकायदेशीर ठरते. अपघात झाला की विमा नाही, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून. दुसरा प्रकार जास्त वाईट.

सायकल की स्कूटर

एकट्या माणसाला कामावर जायचं असेल, अंतर सात-आठ किलोमीटरच्या आत असेल, तर इलेक्ट्रिक सायकलकडे नाक मुरडू नका. हिशेब उलटा पडतो. २५ किलोची सायकल आणि ७५ किलोचा माणूस मिळून वजन १०० किलो. पुलावर ताशी १५ किलोमीटरने चढायला १९० वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे तीच २५० वॉटची मोटर इथे पुरते आणि पॅडल नुसते फिरवले तरी चालतं. ७ टक्क्यांच्या घाटात ताशी १२ ने जायला २६०-२७० वॉट लागतात. साधा माणूस न दमता ७५ ते १०० वॉट पायाने देतो. दोघांचं मिळून घाट निघतो, गुडघे न मोडता.

मात्र सायकलमध्ये तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे गिअर. बिनगिअरची इलेक्ट्रिक सायकल सपाटीवर झकास, चढावर पाय जड करते आणि मोटरही कमी फेऱ्यांवर घुसमटून तापते. दुसरी, सेन्सर. स्वस्त सायकलींत पॅडल फिरतंय एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. तो अर्धी-एक फेरी झाल्यावर जागा होतो. सपाटीवर कळत नाही, पण पुलाच्या मध्यावर सिग्नलमुळे थांबलात तर नेमकं सुटताना मोटर गप्प असते आणि सायकल डुलते. पाय किती जोराने दाबला हे ओळखणारा टॉर्क सेन्सर असेल तर मदत लगेच मिळते आणि हिसका बसत नाही. तो महाग पडतो. तो परवडत नसेल तर निदान हातात थ्रॉटल असलेली घ्या, म्हणजे सुटताना तेवढा धक्का देता येतो. तिसरी गोष्ट, मोटर कुठे आहे. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत ती मागच्या चाकात असते. पॅडलच्या जागी बसवलेली मोटर साखळीतून, म्हणजे गिअरमधून जोर लावते, म्हणून खड्या चढाला तीच उत्तम. पण आपल्या दुकानांत ती क्वचित दिसते आणि दुरुस्ती करणारा त्याहून क्वचित. सचिन-भेस्तानच्या पुलांसाठी मागच्या चाकातली पुरते, त्यासाठी जीव टाकू नका.

डबलसीट जायचं असेल, मुलांना शाळेत सोडायचं असेल, तर नोंदणी होणारी, हिरव्या नंबर प्लेटची स्कूटरच घ्या. दोन माणसं आणि गाडी मिळून २५० किलो धरा. ८ टक्क्यांच्या घाटात ताशी ३० ने चढायचं तर चाकाशी सतत दोन किलोवॉटहून थोडी जास्त ताकद हवी. हा "सतत" शब्द महत्त्वाचा. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापतात ती 'पीक' ताकद, जी काही सेकंदांसाठी असते. सततची ताकद बारीक अक्षरात 'रेटेड' किंवा 'नॉमिनल' म्हणून असते. घाट काही सेकंदांत संपत नाही. ती संख्या विचारा, आणि सेल्समनला माहीत नसेल तर पुस्तिका मागा.

टॉर्कच्या आकड्यांत तर भलेभले गोंधळतात. टीव्हीएस आयक्यूबच्या पत्रकात १४० न्यूटन-मीटर लिहितात आणि एथर ४५०एक्सच्या पत्रकात २६. माझ्या एका मित्राने यावरून निकाल लावून टाकला की पहिली पाचपट ताकदीची. तसं नाही. पहिलीची मोटर चाकातच आहे, म्हणून तो आकडा चाकावरचा. दुसरीची मोटर वेगळी बसवलेली आहे, तो आकडा मोटरचा. मधल्या पट्ट्याने आणि दात्यांनी तो चाकापर्यंत कितीतरी पटींनी वाढतो. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोन्हींचा चाकावरचा टॉर्क विचारा. वर धरलेल्या ८ टक्क्यांच्या घाटाला १२ इंची चाकाच्या स्कूटरला साधारण ५५ न्यूटन-मीटर सतत लागतात, १२ टक्क्यांच्या वळणाला ७५ च्या पुढे.

आणखी एक गंमत. 'चढण्याची क्षमता' पत्रकात कधी टक्क्यांत देतात, कधी अंशांत. ७ अंश म्हणजे १२ टक्के, १० अंश म्हणजे साडेसतरा टक्के. शिवाय तो आकडा एका माणसाचा की दोघांचा, हे फारसं कुठे लिहीत नाहीत.

बॅटरीत दमच नसतो असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. माथेरानमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये दस्तुरी नाक्यापासून गावाकडे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. जिथे मोटारींना बंदी आहे अशा त्या लाल मातीच्या चढावर माणसं माणसांना ओढत नेत होती. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावू शकते, पेट्रोलच्या इंजिनाला आधी फेऱ्या वाढवाव्या लागतात. प्रश्न मोटर पुरेशी आहे का, एवढाच.

आरामाचं काय

लोक ताकद विचारतात, किंमत विचारतात, आणि बसायचं कसं हे शोरूममध्ये दोन मिनिटं बसून ठरवतात. खरा त्रास तिसऱ्या महिन्यात कमरेत सुरू होतो.

मोटर मागच्या चाकात असली की ते चाक जड होतं. जड चाक खड्ड्यात आपटलं की शॉकअपला ते आवरत नाही आणि दणका सरळ पाठीच्या मणक्यात जातो. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या रस्त्यांचं काय होतं ते सांगायला नको. याचा अर्थ चाकातली मोटर वाईट असा नाही, तिची देखभाल कमी असते. पण पाठीचा त्रास असलेल्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच खड्ड्याच्या रस्त्यावर चालवून बघाव्यात. चाक जितकं मोठं तितका खड्डा लहान वाटतो. १० इंचापेक्षा १२ इंच बरं.

सायकलमध्ये मऊ, रुंद गादीला भुलू नका. दहा मिनिटं छान वाटतं, अर्ध्या तासाने मांड्या घासतात. सीटची उंची अशी ठेवा की पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आपल्याकडे जमिनीवर पूर्ण पाय टेकला पाहिजे म्हणून सीट खाली ठेवतात, आणि मग चढावर सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. मीही तेच करत होतो. दोन इंच सीट वर केली आणि जिना चढताना दुखणारा गुडघा बराच शांत झाला. टायर दोन इंच रुंदीचा असेल तर हवा थोडी कमी ठेवता येते, तोच तुमचा स्वस्तातला शॉकअप. डबा आणि सामान मागच्या कॅरिअरवर फार लादू नका. चढावर वजन आपोआप मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं.

स्कूटरवर साडी नेसून बसणाऱ्या बायकांसाठी मागच्या सीटची लांबी, पाय ठेवायची जागा आणि पकडायची दांडी हे तिघं बघा. चढावर मागे बसणारा मागे सरकतो. दांडी नसेल तर तो पुढच्याला धरून ठेवतो आणि पुढच्याचे खांदे दुखतात. हे कुठल्याच पत्रकात नसतं. मला ते घरून कळलं.

उतारही विसरू नका. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज परत बॅटरीत घालते आणि ब्रेकचं काम हलकं करते. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागाच नसते आणि ते ब्रेकिंग मिळत नाही. घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी फुल चार्ज करून उतरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नव्वदवर थांबवा. सायकलला तर दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच.

गावाला नेता येईल का

सुरत समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर, सापुतारा साधारण हजार मीटरवर, तोरणमाळ अकराशेच्याही वर. मधले रस्ते कसेही असोत, तेवढी उंची गाडीने उचलायचीच आहे. दोघं बसलेल्या स्कूटरला दर १०० मीटर उंचीसाठी बॅटरीतून सुमारे ८५ वॉट-तास लागतात. सपाटीवर अशी स्कूटर किलोमीटरला ३० वॉट-तासांच्या आसपास खाते. म्हणजे सोपा हिशेब असा, दर १०० मीटर चढाला रेंजमधून तीन किलोमीटर वजा करा. सापुताऱ्याला तीस किलोमीटर गेले. कंपनीची रेंज चाचणीतली असते, तिच्यातून आधीच पाव हिस्सा कापा. उन्हाळ्यात, वेगाने, डबलसीट गेलात तर आणखी.

तीन किलोवॉट-तासाच्या बॅटरीची स्कूटर भेस्तान ते सचिन आठवडाभर नाचेल, पण शंभरावर किलोमीटरवरचं नवापूर एका दमात गाठणार नाही. व्यारा किंवा सोनगडला थांबून चार्ज करावी लागेल, आणि पुढे पिंपळनेरकडे चरणमाळ किंवा धुळ्याच्या हायवेवर कोंडाईबारी लागणार असेल तर तिथे पोहोचताना निदान निम्मी बॅटरी हवी. कमी चार्जवर बऱ्याच गाड्या ताकद आपोआप उतरवतात. नेमकं घाटात. मे महिन्यात घाट चढून आल्यावर लगेच चार्जर लावू नका, अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. सुरतेत घेतली तर जीजे-०५, नंदुरबारला घेतली तर एमएच-३९. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर एनओसी घेऊन तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. दोन-चार दिवसांच्या सुट्टीला काही अडचण नाही. अनुदानाच्या भरवशावर बजेट आखू नका. फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपली. १ ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये पहिल्या वर्षी किलोवॉट-तासाला ५,००० रुपये ठरले, दुसऱ्या वर्षी त्याचे २,५००. बिनानोंदणीच्या गाड्यांना तेही नाही. घेताना त्या दिवशीची ऑन-रोड किंमत लेखी घ्या. जवळच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, आणि वॉरंटी दोन्ही राज्यांत चालते का, हेही लेखीच.

ट्रायल कशी घ्यायची ते मात्र नीट ऐका. फुल चार्ज गाडीवर एकट्याने सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन येणं ही ट्रायल नव्हे. बॅटरी तीस टक्क्यांवर असलेली गाडी मागा. घरचं माणूस मागे बसवा. सकाळी लवकर, रहदारी नसताना, जवळच्या पुलावर डाव्या कडेने अर्ध्यात थांबा आणि पुन्हा सुटा. मागे घरंगळते का, हिसका देते का, इको मोडमध्येच निघते का, ते बघा. काही गाड्यांत चढावर धरून ठेवण्याची सोय असते, ती तिथेच तपासा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान आहे.

आमच्या मजल्यावरचे एक काका, लूमच्या कारखान्यात मास्तर, साक्री तालुक्यातले, यंदा एक लाख वीस हजारांची स्कूटर हप्त्यावर घ्यायला निघाले होते, त्याच 'घाट चढस का'च्या नादाने. आम्ही दोघं कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. वर्षात गावाला किती वेळा जाता? चार. कामावर किती दिवस? तीनशे. अंतर? येऊन-जाऊन चौदा किलोमीटर. काकूंना मागे बसून कुठे जायचं असतं? बाजाराला, रविवारी. मोठ्या बॅटरीचं मॉडेल त्यांनी सोडलं, त्याच कंपनीचं लहान बॅटरीचं घेतलं, मोटर तीच. सव्वीस हजार वाचले. तीस टक्के चार्जवर काकूंना मागे बसवून ते पूल चढले, मध्ये थांबले, पुन्हा सुटले. काकूंना उतरावं लागलं नाही.

गावाला ते नेहमीसारखेच उधन्याहून रेल्वेने जाणार आहेत.